मीठ धुणाऱ्या घरातली लेक

नाशिकच्या रामकुंडावर एक जुना उद्योग अजून चालतो. बाहेरगावचा यात्रेकरू घाटावर उतरला की तीर्थोपाध्याय त्याला आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव विचारतात, आणि थोड्या वेळाने कापडात गुंडाळलेली लांबट वही उलगडतात. त्या वहीत यात्रेकरूचा आजा सापडतो, नशीब असेल तर पणजाही. तो कधी आला, कुणाचं श्राद्ध केलं, बरोबर कोण होतं, सगळं लिहिलेलं. जुनी पानं मोडीतली. यात्रेकरू हरखून जातो, आपली आणि मुलांची नावं खाली घालतो, दक्षिणा देतो आणि गाडीला लागतो.

या वह्यांत माणूस भेटतो तो कुळाच्या साखळीतला दुवा म्हणून. अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू. बायका येतात त्या बहुतेक कुणाची आई किंवा कुणाची बायको म्हणून. माणूस स्वतः कसा होता, कशाला घाबरायचा, कशाला हसायचा, याच्याशी वहीला देणंघेणं नाही. तिचं कामच वेगळं.

याच गोदावरीच्या काठी, रामकुंडापासून काही मैल वरच्या अंगाला जलालपूर नावाचं गाव आहे. तिथल्या गोखल्यांच्या घरात १ जून १८६८ रोजी एक मुलगी जन्मली. नाव मनकर्णिका, घरात मनू. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या मुलीने म्हातारपणी एक पुस्तक लिहिलं, आणि त्यात कुळ, गाव, नवरा, मुलगा हे सगळं असूनही पानापानांवर दिसते ती तीच. पुस्तकाचं नाव ‘स्मृतिचित्रे’. लेखिका लक्ष्मीबाई टिळक.

मराठीतलं हे एक उत्तम आत्मचरित्र आहे, हे शंभर वेळा सांगून झालं आहे. इथे प्रश्न निराळा आहे. माणसाने स्वतःकडे सतत संशयाने पाहावं, आपण कुठे विटाळलो का हे दिवसातून दहादा तपासावं, असं शिकवणाऱ्या घरात आणि गावात वाढलेली बाई पुढे स्वतःबद्दल इतकं मोकळं, इतकं हसून, आणि तरीही इतकं खरं कशी लिहू शकली?

लक्ष्मीबाईंची गोष्ट त्यांच्या जन्माच्या अकरा वर्षं आधी सुरू होते. १८५७ साली त्र्यंबकेश्वरी त्यांच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना इंग्रज सरकारने फाशी दिली. त्या साली त्र्यंबकच्या डोंगराळ भागात उठाव झाला होता आणि जोगळेकरांवर त्यात हात असल्याचा ठपका होता. सासऱ्याच्या या मरणाचा धक्का जावयाच्या, म्हणजे मनूच्या वडिलांच्या मनात खोल बसला आणि तो बाहेर पडला तो सोवळ्याच्या वेडाच्या रूपाने. बाजारातून येणारी वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, असा नियम झाला. धान्य धुवायचं हे एक वेळ समजू शकतं. या घरात मीठही धुतलं जाई.

मीठ पाण्यात घातलं की विरघळतं, ही गोष्ट शेंबड्या पोरालाही कळते. ती वडिलांना कळत नव्हती असं नाही. पण सोवळ्याची भीती एकदा अंगात भिनली की वस्तू उरते किती हा प्रश्नच राहत नाही. उरेल ते शुद्ध असलं म्हणजे झालं. माणसाच्या बाबतीतही हाच हिशेब लागू पडतो. धुऊन धुऊन माणूस किती उरला, हे त्या घरात कोण विचारणार होतं?

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. गोखल्यांचं घर विक्षिप्त होतं, पण त्याचा विक्षिप्तपणा गावाच्या रीतीपेक्षा वेगळ्या जातीचा नव्हता. गावाचीच रीत तिथे टोकाला गेली होती. जलालपूरसमोर नदीपलीकडे गंगापूर आहे. पेशव्यांच्या घरातल्या गोपिकाबाई उत्तरायुष्यात तिथे राहिल्या. थोरला मुलगा विश्वासराव १७६१ मध्ये पानिपतावर पडला, त्याच साली नवरा नानासाहेब गेला. माधवराव १७७२ मध्ये क्षयाने गेला, नारायणराव १७७३ मध्ये शनिवारवाड्यात मारला गेला. तीन मुलगे गमावलेली ही बाई नाशिकच्या गोदातीरावर कडक व्रतस्थपणे राहिली. नातू सवाई माधवरावाला तिने दिनचर्येचा उपदेश लिहून पाठवला, त्यात पहाटेपासून रात्रीपर्यंतचं वागणं आखून दिलेलं होतं. एवढ्या दुःखानंतर शिस्तीशिवाय हाताशी काय उरतं, असं कुणी म्हणेल, आणि ते खोटंही नाही. पण नदीच्या या पट्ट्यात दुःखावरचा उतारा कोणता मानला जाई, हे त्यावरून दिसतं. आपल्या जिवाला धाकात ठेवायचं, पोटाला चिमटा घ्यायचा, देहाला दंड द्यायचा.

त्या दंडाची पद्धतशीर व्यवस्था म्हणजे प्रायश्चित्त. नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रात तिचा व्याप मोठा होता. क्षौर, स्नान, दान, ब्राह्मणभोजन, आणि पंचगव्य, म्हणजे दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण यांचं मिश्रण प्राशन करणं. समुद्र ओलांडला, निषिद्ध अन्न खाल्लं, नको त्याच्या हातचं पाणी प्यालं, तर जातीत परत येण्याचा रस्ता हा. व्यवस्था म्हणून ती निव्वळ क्रूर होती असं म्हणता येत नाही. तिच्यात परत येण्याची सोय होती आणि अनेकांना तिचा आधार वाटला. गोम अशी की दंड भरला तरी मूळ समज तसाच राहायचा. चूक कृत्याची नव्हती, विटाळ माणसालाच लागलेला होता, आणि तो पुन्हा केव्हाही लागू शकत होता.

मोठमोठी माणसंही यातून सुटली नाहीत. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनच्या कार्यक्रमात चहा-बिस्किटं पुढे आली. महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक त्या वेळी तिथे हजर होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. दोघांनीही पुढे प्रायश्चित्त घेतलं. रानड्यांनी ते १८९२ मध्ये घेतलं तेव्हा सुधारकांनी त्यांच्यावर सडकून टीका केली. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात तो प्रसंग लिहून ठेवला आहे. पुढे हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदापर्यंत पोचलेल्या माणसाला एका चहाच्या कपासाठी जातीपुढे मान तुकवावी लागते, मग आतल्या खोलीतल्या बाईचं काय?

मनूचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मुलगा अठराचा, नाव नारायण वामन टिळक, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. आई लहानपणी वारली, वडील कडक, म्हणून तो घर सोडून नाशिकला आला होता आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे राहून संस्कृत शिकला होता. बुद्धी तेज, डोक्यात कविता, हातात पैसा टिकत नाही, पाय एका गावात ठरत नाही. लग्नानंतर मनूची लक्ष्मी झाली आणि तिची वरात अनेक वर्षं चालूच राहिली. आज हे गाव, उद्या ते. नवरा कधी सांगून जायचा, कधी न सांगता. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला राहून त्याने संस्कृत ग्रंथांचं काम केलं. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्याच्या हातात ‘नवा करार’ ठेवला. दोन वर्षांत, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे बायको जिवंतपणी विधवा झाली, असाच हिशेब होता. लक्ष्मीबाईंच्या पदरात लहानगा दत्तू. पंढरपुरात नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. दुःखाने अंथरूण धरलं, त्याच काळात कविताही सुचू लागल्या. या वर्षांबद्दल लिहिताना दुसऱ्या कुणी एक तर छाती पिटली असती, नाहीतर आपल्या धीराचे गोडवे गायले असते. लक्ष्मीबाई दोन्ही करत नाहीत. आपण किती वेड्यासारखं वागलो हे त्या सांगतात आणि त्या वेड्या बाईच्या शेजारी बसून राहतात. पंचविशी-तिशीतली ती भांबावलेली बाई त्यांना मूर्खही वाटते आणि तिची मायाही येते. एकाच वाक्यात दोन्ही. मराठी गद्यात ही चाल त्याआधी फारशी दिसत नाही.

मराठीत या वृत्तीला सरळ शब्द नाही, आणि हे गमतीचं आहे. ‘स्वतःची कीव करणं’ ही आपल्याकडे शिवी आहे. ‘स्वतःचे लाड’ म्हटलं तर ऐषआराम डोळ्यापुढे येतो. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हे आपण दुसऱ्याला सांगतो, स्वतःला क्वचित. मानसशास्त्रात अलीकडे ‘आत्मकरुणा’ किंवा ‘स्वकरुणा’ असे शब्द वापरतात, ते अजून पुस्तकीच वाटतात. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात शिकवणाऱ्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये या कल्पनेची मांडणी केली. त्यांच्या मते तिची अंगं तीन. चुकल्यावर स्वतःशी कठोर न होता प्रेमाने वागणं, आपलं दुःख आपल्या एकट्याचं नसून माणूस म्हणून सगळ्यांच्या वाट्याचं आहे हे ओळखणं, आणि वेदनेकडे ती न फुगवता, न दडपता पाहणं. नेफ यांना ही कल्पना बौद्ध ध्यानपरंपरेतून सुचली. नाशिककरांनी यावर एकदा पांडवलेण्यांकडे पाहायला हरकत नाही. त्रिरश्मी डोंगरावरच्या त्या विहारांत दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खू राहत होते, आणि थेरवादी परंपरेतल्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातल्या ग्रंथात मैत्रीची भावना आधी स्वतःपासूनच सुरू करायला सांगितली आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून चालणाऱ्या विपश्यना शिबिरांचा शेवटही मैत्रीच्या साधनेने होतो. म्हणजे या जिल्ह्याला ही गोष्ट परकी नव्हती. मधली काही शतकं ती घाटावरून नाहीशी झाली होती, एवढंच.

२०१९ मध्ये जिया वेई झांग, सेरेना चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच अभ्यासांचा एक निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता. स्वतःशी करुणेने वागणारा माणूस अधिक ‘खरा’ वागतो का? उत्तर होकारार्थी आलं. ज्या दिवशी माणसाला स्वतःबद्दल करुणा अधिक वाटते, त्या दिवशी आपण आपल्यासारखे वागलो असंही त्याला अधिक वाटतं. हे कसं घडतं याची दोन कारणं त्यांना सापडली. एक म्हणजे आशावाद वाढतो. दुसरं, लोक आपल्याला वाईट ठरवतील ही भीती कमी होते. या दुसऱ्या कारणाला प्रयोगशाळेची गरज महाराष्ट्रात तरी नव्हती. ‘लोक काय म्हणतील’ हे तीन शब्द आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर न लिहिता लिहिलेले आहेत.

लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात या भीतीची पकड एका रात्रीत सुटली नाही, आणि त्यांनी तसं भासवलेलंही नाही. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरला नवऱ्याकडे गेल्या, पण सोवळं घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी त्यात ढवळाढवळ केली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. ख्रिस्ती कवीच्या घरात एक कर्मठ ब्राह्मण स्वयंपाकघर, असा तो संसार. मीठ धुणाऱ्या बापाची लेक शेजारणीच्या सावलीपासून आपला हंडा सांभाळत होती.

मग हळूहळू तिने विचार करायला सुरुवात केली. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःच्या मनाशी उलटासुलटा करून पाहिला आणि माणसाने केल्या, असं उत्तर काढलं. यामागे कुणा विद्वानाचा ग्रंथ नव्हता. नंतर कुणाच्याही हातचं खायला ती तयार झाली, आणि १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी विटाळाची भीती गेली, धर्म नंतर बदलला. म्हणून तिचं धर्मांतर नवऱ्याच्या मागे जाणं वाटत नाही. दुसरी एक गोष्टही याच क्रमात दडलेली आहे. ज्या दिवशी स्वतःच्या हाताला विटाळ लागत नाही हे पटलं, त्या दिवशी समोरच्याच्या हातालाही तो नसतो हे ओघानेच आलं. नेफ यांचं दुसरं अंग हेच सांगतं, फक्त इथे ते पाण्याच्या हंड्याच्या रूपाने आलं.

नाशिकच्या इतिहासात ख्रिस्ती वस्तीची स्वतःची एक वेगळी कहाणी आहे आणि तिच्याकडे डोकावल्याशिवाय पुढे जाववत नाही. आज शरणपूर रोडवरून गाड्या धावतात, त्या नावामागचं शरणपूर हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेलं ख्रिस्ती गाव. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे ठेवली जात. त्यांना नवी नावं मिळत, सुतारकी-लोहारकी आणि इंग्रजी शिकवली जाई. यांतले काही ‘नासिक बॉइज’ म्हणून डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मोहिमांत आफ्रिकेत परत गेले. जेकब वेनराइट त्यांतला एक. लिव्हिंग्स्टनचं प्रेत समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत तो होता आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनविधीला हजर होता. आपलं मूळ नाव काय, गाव कोणतं, आई कोण, हे त्याच्या पिढीतल्या किती मुलांना आठवत असेल? रामकुंडावरच्या वह्यांत सात पिढ्या आणि शरणपुरात एकही नाही. गावं दोन, अंतर चालत जाण्याएवढं.

‘स्मृतिचित्रे’ लिहिण्याचं निमित्त लक्ष्मीबाईंचं स्वतःचं आयुष्य नव्हतंच. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, याला वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या, म्हणून त्याने आईला लिहायला बसवलं. बायकोने नवऱ्याच्या आठवणी लिहाव्यात ही रीत तोवर रुळलेली होती. रमाबाई रानड्यांचं पुस्तक त्याच रीतीतलं, आणि ते फार चांगलं पुस्तक आहे. पण त्यात रमाबाई ‘आमच्या’ या शब्दाआड उभ्या राहतात. कर्तृत्व न्यायमूर्तींचं, वाट पाहणं रमाबाईंचं.

लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या आठवणी लिहायला घेतल्या आणि लिहिता लिहिता नवरा एका बाजूला सरकला. म्हणजे तो नाहीसा झाला असं नव्हे. उलट इतका जिवंत टिळक दुसऱ्या कुठल्याही चरित्रात नाही. तापट, विसराळू, दानशूर, लहरी, भोळा, देवाच्या नादाने भारलेला. पण त्याच्याकडे पाहणारे डोळे कुणाचे आहेत, हे वाचकाला क्षणभरही विसरता येत नाही. पतिपत्नींची भांडणं त्यांनी लपवली नाहीत. आपला हट्ट लपवला नाही. घाबरलो ते घाबरलो, रडलो ते रडलो, फजिती झाली ती झाली. शिक्षण नसलेली बाई शिकलेल्या माणसांत वावरताना जशी गोंधळते तशी आपण गोंधळलो, हे त्या मजेत सांगतात. ज्याला आपली फजिती सांगायला लाज वाटत नाही त्याला मोठेपणाही मिरवावा लागत नाही. टिळकांच्या मागे अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी दहा-अकरा अध्यायांपासून पुढे रेटत नेलं, चौसष्ट अध्यायांची भर घातली. दुसऱ्या कुणी त्यावर पुस्तक लिहिलं असतं.

बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’शी तुलना केली तर फरक चटकन कळतो. तेही मराठी ख्रिस्ती माणसाचं आत्मचरित्र, तेही प्रामाणिक. पण त्याची चाल अंधारातून उजेडाकडे जाण्याची आहे, शीर्षकातच ती आहे. आधीचा ‘मी’ चुकलेला, नंतरचा सावरलेला. लक्ष्मीबाईंना आधीचा ‘मी’ टाकून द्यावासा वाटत नाही. सोवळ्यातली मनू, पंढरपूरची परित्यक्ता, नगरची हट्टी गृहिणी, प्लेगच्या छावणीत रोग्यांची सेवा करणारी बाई, या सगळ्या जणी त्यांच्या घरात एका पंगतीला बसतात. धर्म बदलला, आडनावाची पत बदलली, जेवणाची रीत बदलली, तरी भाषा तीच राहिली, म्हणी त्याच, हसणं तेच. खरं म्हणजे इतकी नाशिककडची, इतकी घरगुती ब्राह्मणी मराठी लिहिणारी लेखिका ख्रिस्ती होती, हा त्या काळच्या अनेक शहाण्यांना पेचच असणार.

आता एक तक्रार. लक्ष्मीबाई स्वतःशी जितक्या मायेने वागतात तितक्याच, किंबहुना काकणभर जास्त, नवऱ्याशी वागतात. संसार वाऱ्यावर सोडून वारंवार निघून जाणारा, रागाच्या भरात वाटेल ते करणारा नवरा आजच्या वाचकाला हसण्यावारी नेता येत नाही. काही प्रसंग वाचताना हसू येतं आणि पाठोपाठ अंगावर काटा येतो. लक्ष्मीबाईंनी हसत लिहिलं म्हणून आपण हसावं, असा नियम नाही. माफ करण्याचा हक्क त्यांचा होता, आणि त्यांनी तो भरभरून वापरला. मात्र घडलं ते त्यांनी झाकलं नाही, म्हणूनच नव्वद वर्षांनी वाचकाला वेगळा निवाडा देता येतो. गोड-गोड आठवणी लिहिणाऱ्यांच्या पुस्तकांत ही सोय नसते.

पुस्तक १९३४ पासून भागाभागांनी बाहेर येऊ लागलं. त्याच वर्षांत नाशकात काय चाललं होतं? २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. स्थानिक आघाडीवर भाऊराव उर्फ दादासाहेब गायकवाड होते. त्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. मंदिराचे दरवाजे उघडले नाहीत, आणि पंचवटीतली रामकुंडाची पायरीही अस्पृश्यांना बंदच राहिली. जलालपूरच्या घरात मीठ धुणारं जे वेड होतं, तेच इथे दरवाज्याला कडी लावून उभं होतं. घरात त्याने एक कुटुंब हैराण केलं, घाटावर त्याने हजारो माणसांना अपवित्र ठरवलं.

सत्याग्रह पाच वर्षं रेंगाळला. १९३४ मध्येच बाबासाहेबांनी गायकवाडांना कळवलं होतं की मंदिरप्रवेशाचा आग्रह आता सोडावा आणि शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला त्यांनी आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. या घोषणेचा अर्थ राजकारणाच्या अंगाने पुष्कळ लावला गेला आहे. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. दार उघडा, आम्ही शुद्ध आहोत हे मान्य करा, असं सांगणं म्हणजे शुद्धाशुद्धाचा तराजू दुसऱ्याच्या हातात ठेवणं. येवल्याला तो तराजूच झुगारून दिला गेला. आपल्या माणसांनी स्वतःकडे देवळाच्या पायरीवरून पाहणं थांबवावं, हा त्याचा गाभा होता.

लक्ष्मीबाई आणि आंबेडकर यांची सांगड घालणं बेतानेच करायला हवं. एका ब्राह्मण घरातल्या बाईने सोवळं टाकणं आणि पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य ठरवलेल्या समाजाने धर्म नाकारणं, या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत. लक्ष्मीबाईंनी सोडलं ते त्यांच्या हातातलं होतं. इतरांना तर कधी काही दिलंच गेलं नव्हतं. पण एकाच जिल्ह्यात, एकाच नदीकाठी, एक-दोन वर्षांच्या अंतराने या दोन्ही गोष्टी कागदावर आणि सभेत उमटल्या, हा योगायोग नाशिकच्या स्थानिक इतिहासात जितका नोंदवला जायला हवा तितका नोंदवला गेलेला नाही. क्षेत्राचं माहात्म्य सांगणाऱ्या पुस्तिकांत तर दोहोंनाही जागा नसते.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला वारल्या, येवल्याच्या घोषणेनंतर चार-साडेचार महिन्यांनी. चरित्राचा शेवटचा भाग त्यांच्या मागे आला, तो देवदत्त टिळकांनी पुरा केला. पुढे ई. जोसेफीन इंकस्टर यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९५० मध्ये ऑक्सफर्डने छापलं. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी साक्षेपाने संपादलेली आवृत्ती आली. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या. शांता गोखले यांचं नवं इंग्रजी भाषांतर २०१७ मध्ये निघालं.

ज्यांनी शाळेत ‘स्मृतिचित्रे’तला एखादा उतारा धडा म्हणून वाचला आणि बाई विनोदी होत्या एवढंच लक्षात ठेवलं, त्यांनी पुस्तक एकदा सुरुवातीपासून घ्यावं. त्र्यंबकच्या फाशीपासून. मग जलालपूरच्या त्या घरात मीठ कसं धुतलं जाई ते वाचताना हसू येईल, तेव्हा हसावं. लक्ष्मीबाईंची त्याला हरकत नव्हती.